माग थांबवून विचारायचं

जर्मनीहून काय आणलंस, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, एक नियम आणलाय. निदान चॉकलेटं तरी आणायची, असं त्या तेलुगूत पुटपुटल्या आणि उठून गेल्या.

आमचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना आहे. बाजाराचं नवरा बघतो, शेड मी बघते. कारखानदारांच्या एका गटाबरोबर मी तिकडं गेले होते, ती त्यांच्याकडं नवी पोरं कामाला कशी तयार करतात ते बघायला. आठवड्यातले काही दिवस शाळा, उरलेले दिवस कारखाना, शिकतानाही पगार, आणि शिकवणारा असा की ज्याला शिकवण्याचीसुद्धा परीक्षा द्यावी लागते. एवढं मी वाचून गेले होते. पण तिथं माझ्या डोळ्यांदेखत एका कोवळ्या पोरीनं चालू मशीन खाडकन बंद केली आणि उस्तादाला हाक मारली.  म्हटलं, आता हिची खरडपट्टी निघणार. तो पांढऱ्या मिशांचा माणूस आला, तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि निवांत समजावत राहिला. मशीन तशीच बंद. माझ्या शेजारचे कारखानदार अस्वस्थ होऊन घड्याळ बघायला लागले, जसा काही त्यांचाच माल अडला होता.

आमच्याकडं चालता माग थांबवणं म्हणजे पाप. शिकाऊ पोरानं झाडू मारायचा, बॉबिनी भरायच्या, आणि जॉबर काम करत असताना लांबून बघून जमेल तेवढं उचलायचं. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, बिघडला तर ताळ्यावर आणणारा मिस्त्री. आमचे जॉबर सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. हात असा की रुसलेला माग त्यांनी नुसता चाचपला तरी सुरू व्हायचा. पण विद्येच्या बाबतीत एक नंबरचे कंजूष, अशी त्यांची ख्याती होती. कामाला बसले की पाठ फिरवायचे. कुणी काही विचारलं तर उत्तरच नाही. मोबाईलचा तिटकारा. अजानची वाट न बघता मनगटावरचं घड्याळ पाहून नमाजाला उठायचे. शिस्तीचा माणूस, असं मी कौतुकानं सांगायची.

आता ते ईदनंतर काम सोडणार होते. आणि त्यांच्या हाताखाली होती एक मुलगी, होटगीकडची. घरची मेंढरं, बाप त्यांच्यामागं हिंडणारा. आयटीआय करून आली होती आणि तिला जॉबर व्हायचं होतं. आमच्या शेडमध्ये आजवर कुणी बाई जॉबर झालेली नाही. चाचांनी जाण्याआधी शिकवलं तर ती उभी राहणार होती. नाही शिकवलं तर जन्मभर बॉबिनी.

म्हणून मी आल्या आल्या सगळ्यांना चहाला जमवलं आणि नियम सांगितला. हिला काही कळलं नाही तर हिनं माग थांबवायचा, चाचांना विचारायचं आणि चाचांनी सांगायचं. विणकरांनी तोंडं वाकडी केली, कारण त्यांची मजुरी मालावर. चाचा बशीत बघत मान हलवत होते. मला वाटलं, पटलं.

चारच दिवसांत, ऑफिसच्या काचेतून मी बघितलं. मुलीनं एक माग थांबवला. बाकीचे खडखडत होतेच. ती चाचांच्या मागं जाऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. चाचांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. ती पुन्हा बोलली. मग ओशाळून परत गेली आणि तिनं माग सुरू केला. माझं डोकंच फिरलं.

मी शेडमध्ये शिरले आणि नेमकी लाईट गेली. सगळे माग एकदम गप्प झाले. बरंच झालं, म्हटलं, आता सगळ्यांच्या देखत ऐकवते. चाचा खाली बसून एक नट आवळत होते. मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून सुरू केलं. पोरगी काय विचारते, तुम्हाला तोंड नाही का? ही विद्या काय कबरीत घेऊन जाणार आहात? हे शेवटचं माझ्या तोंडून निघून गेलं आणि विणकरांनी माना खाली घातल्या. चाचा नट आवळत राहिले.

तेवढ्यात पलीकडं दोघांच्या हातून सूत गुंडाळलेला लोखंडी बीम निसटून फरशीवर आदळला. मी किंचाळले. मुलगी दोन पावलं मागं उडाली. चाचांचा पाना जरासुद्धा हलला नाही. मग त्यांनी तळहात फरशीला लावला आणि सावकाश इकडंतिकडं बघितलं.

 मी समोर जाऊन बसले. आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवले, "चाचा, चहा घेणार?"

"हौ," चाचा म्हणाले. "आधा कप."

 इतकी वर्षं आम्ही सगळे या खडखडाटात ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरूनच तर बोलत आलो. त्यात हा माणूस ठार बहिरा झाला आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. 

माझा चेहरा बघून चाचांना कळलं. पाना खाली ठेवून ते म्हणाले, "बहिरा जॉबर कौन रखता, अक्का? पहले कान से सुनता था, अब हात से सुनता हूँ." मग त्यांनी मुलीला खुणेनं बोलावलं, तिचा तळहात धरून मागाच्या चौकटीवर ठेवला आणि वर बघून म्हणाले, "बेटी, मेरेकू सामने आ के पूछ."

आणि मला तो जर्मनीतला दरवाजा आठवला. मशीनकडं जाण्याआधी भिंतीवर ओळीनं कानावर लावायची जाडजूड झाकणं टांगलेली होती, प्रत्येक शिकाऊ पोराचं वेगळं. पहिल्या दिवशी मशीनला हात लावायच्या आधी हे, असं दुभाष्यानं सांगितलं होतं. मी शेजारच्या कारखानदाराला कोपर मारून म्हटलं होतं, बाळांना कानटोप्या घातल्यात बघा. तो हसला होता, मीही हसले होते. मग आम्ही पुढं गेलो आणि मी तो प्रश्न विचारायचा नियम तेवढा उचलून घरी आणला.

मी जाहीर केलं, उद्याच्या उद्या सगळ्यांसाठी कानाची झाकणं येतील. चाचांना डॉक्टरकडं मी स्वतः नेणार. विणकरांनी या वेळी तोंडं वाकडी केली नाहीत. जो तो आपापल्या कानाला हात लावून बघत होता.

मुलगी अजून चौकटीवर हात ठेवून उभी होती.

"मॅडम," ती म्हणाली, "त्या झाकनानं शिट्टी जाईल का?"

"कसली शिट्टी?"

"घरी गेल्यावर कानात वाजती की. लई बारीक. थांबतच न्हाय."

 मघाशी माग थांबवून तू चाचांना काय विचारत होतीस, असं मी विचारलं.

"हेच," ती म्हणाली. "म्हनलं, चाचांना ठाऊक असंल."