गोधडीचा चौथा कोपरा

अक्का गेली हे मला तिच्या शेजारच्या बाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा रडायच्या आधी मी विचारलं, "डॉक्टरांनी नीट बघितलं का?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अहो, दोघं येऊन गेले." तरी मला पटेना. रिक्षात बसल्यावरही डोक्यात तेच, की कुणाची तरी काहीतरी चूक होत असणार... खरं तर तो प्रश्न माझा नव्हताच, अक्काचा होता. तिच्या जागी मी गेले असते तर तिनं तिसरा डॉक्टर बोलावला असता आणि तो कुठं शिकला हेही विचारून घेतलं असतं. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. उशाशी चष्मा नीट मिटून ठेवलेला, कपाटाची किल्ली कमरेला खोचलेली. ती किल्ली मी सोडवून घेतली तरी तिनं माझा हात धरला नाही, तेव्हा मला खात्री पटली. मग रडू आलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शालिनी. आम्ही दोघी लग्न होऊन पनवेलातच आलो, तिचं घर वडाळे तळ्याच्या बाजूला आणि माझं बाजाराच्या जवळ. त्यामुळे तिचा संशय मला आयुष्यभर जवळून बघायला मिळाला. गिरणीत दळण ठेवून ती कधी घरी आली नाही. आधीच्या माणसाचं पीठ झटकून होईपर्यंत ती जात्याच्या तोंडाशी उभी राहायची आणि गिरणीवाला तिला बघितलं की न सांगता मशीन झटकायचा. शिंप्यानं ब्लाउजपिसातून किती चिंधी वाचवली ते ती मागून घ्यायची. घरी फोन आला तेव्हा पहिले काही महिने तिनं त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. मी हसले तर म्हणाली, "हस. ठेवल्यावरही तो बंद असतो कशावरून?" मी कितीदा तरी वैतागले आहे तिच्यावर. दोघी भाजीला गेलो की भाजीवाली माझ्याकडे केविलवाणं बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण स्वभावच तसा, असं जे तिच्याबद्दल सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. लहानपणी ती अशी नव्हती. आमच्याकडे गोधडी शिवताना शेवटचा कोपरा बंद करण्याआधी तिच्या पोटात पोळीचा नाहीतर भाकरीचा घास ठेवतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही. तिचं पोट भरलेलं असलं की तिच्यात निजणाऱ्याला काही कमी पडत नाही, असं आईनं आम्हाला सांगितलं होतं. अक्काच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी सासरी गोधडी घाईघाईत शिवली गेली. घास ठेवला का, असं तिनं विचारलं, तर "ठेवला गं, ठेवला" असं कुणीतरी म्हणालं. तो मुलगा, बाळू, बारशानंतर तापानं गेला. नंतर ती गोधडी तिनं एकटीनं उसवली. आत घास नव्हता. ताप तापासारखा आला होता, गोधडीचा त्यात काय संबंध, हे मी तिला नाना परीनं सांगून बघितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पण ठेवला म्हणाले होते." त्या दिवसापासून तिनं कुणाच्या शब्दावर काही घेतलं नाही.

पुढे नंदा झाली, मोठी झाली, लग्न होऊन नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला गेली. नंदाला दिवस गेले तेव्हा अक्कानं आईची जपून ठेवलेली लुगडी काढली. आई जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. लुगडी धुऊन, उन्हात वाळवून, एकावर एक अंथरून तिनं गोधडी घातली. हाताचा टाका, बारीक, ओळीत. तीन बाजू झाल्या, कडेकडेच्या ओळी झाल्या आणि तिची बोटं आखडली. संधिवात होताच, त्या पावसाळ्यात त्यानं उजवा हात धरला. सुई चिमटीत राहीना. मी शिवते म्हटलं तर माझ्या टाक्यांकडे बघून म्हणाली, "कुंदे, हे टाके आहेत की उड्या?" तेही खरंच होतं. मग मीच सुचवलं, की उरण नाक्याकडे गाद्यांचं दुकान आहे, तिथं मोटरच्या मशीनवर रजया शिवून देतात, मधला भाग आणि चौथी बाजू त्यांच्याकडून करून घेऊ.

अक्का माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच त्या दुकानाची भागीदार आहे. "हाताचा टाका कुणाचा ते ओळखता येतं," ती म्हणाली. "मशीनचा सगळ्यांचा सारखाच. आईची लुगडी काढून आत चिंध्या भरल्या तर मला कळणार कसं?" पण नंदाचे दिवस भरत आले होते आणि दुसरा इलाज नव्हता. शेवटी ती तयार झाली. त्याआधी मला तिच्यासमोर बसवून प्रत्येक लुगड्याच्या काठाला आतून निळ्या दोऱ्याची एकेक गाठ घालायला लावली. कापड बदललं तर गाठ सापडणार नाही, हा हिशेब. घालून झाल्यावर त्या गाठी तिनं परत स्वतः बघितल्या, कारण त्या मी घातल्या होत्या.

दुकान होतं हिराचं. हिरा मूळची बेलपाड्याची, अंगानं दणकट, तोंडानं फटकळ. नवरा कापूस भरायचा आणि मशीन ही चालवायची. अक्कानं गोधडी पुढे केली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "माझ्यासमोर शिवायची." मला वाटलं, आता ही बाई आम्हाला हाकलणार. पण हिरानं गोधडीला हातच लावला नाही. उलट विचारलं, "आत काय हाय ते आदी सांगा."

"लुगडी आहेत. दुसरं काय असणार?"

"तसं सगलेच बोलतात. एकीनं उशी दिली, मागाहून बोलली आत बांगड्या व्हत्या. आख्खी गल्ली गोला केली माज्या दारात. तवापासून मी चाचपल्याबिगर कायपन घेत नाय."

मग त्या दोघींनी गोधडी दोन बाजूंनी धरली आणि इंच न् इंच दाबून बघितली. हिरा आत काही लपवलंय का ते शोधत होती आणि अक्का हिराचा हात कुठे जातो ते बघत होती. हिराला एक गाठ लागली. "ये काय?" अक्का गोरीमोरी झाली. खूण आहे म्हणावं तर संशय घेतल्यासारखं, आणि नाही म्हणावं तर लपवल्यासारखं. मला इतकं हसू येत होतं की मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. शेवटी अक्कानं सांगून टाकलं. मला वाटलं हिरा चिडेल, पण तिनं नुसती मान डोलावली. "बरा केला," ती म्हणाली, "आता माज्यावर काय येनार नाय." आणि मशीनसमोरचं लाकडी स्टूल तिनं पायानं अक्काकडे सरकवलं.

मधला भाग होईपर्यंत अक्का रोज त्या स्टुलावर जाऊन बसत होती. खरी अडचण आली चौथ्या कोपऱ्याशी. अक्का म्हणाली, कोपरा उघडा ठेवून द्या, घास घालून मी घरी बंद करून घेईन. हिरा म्हणाली, उघडी गोधडी दुकानाबाहेर जाणार नाही, वाटेत काय घालाल-काढाल, नाव माझं होईल. बरं, घास इथंच घालते म्हटलं, तर हिराला तो बघायचा होता आणि अक्काला तो दाखवायचा नव्हता. बाळाच्या गोधडीतल्या घासाला परक्याची नजर लागू नये, हे तिच्या मनात घट्ट. दोघी अडून बसल्या. गोधडी दुकानात फळीवर पडून राहिली आणि इकडे नंदाला दवाखान्यात कधी न्यावं लागेल याचा नेम नाही. अक्काची झोप उडाली. मला फोन करायची आणि बोलायची मात्र भलतंच काहीतरी. मग एकदम म्हणायची, "कुंदे, उपाशीच आली गोधडी तर गं?" तिच्या आवाजात तेव्हा भांडण नसायचं, नुसती भीती असायची.

अखेर एके दिवशी ती दुकानात गेली, मी बरोबर होते. स्टुलावर बसली आणि हिरासमोर तिनं मूठ उघडली. घडीच्या पोळीचा तुकडा, तुपाचं बोट फिरवलेला, वर गुळाचा खडा. हिरानं तो निरखून बघितला, वाससुद्धा घेतला. मग म्हणाली, "घाला." अक्कानं वाकड्या बोटांनी तो आत सरकवला, हिरानं दाबून खात्री केली आणि मशीन चालवलं. त्याच आठवड्यात मुक्ता झाली, नंदाची मुलगी. छान, गुटगुटीत. गोधडीत गुंडाळलेल्या तिला मांडीवर घेतल्यावर अक्कानं आधी कोपरा दाबला आणि मग नातीचं तोंड बघितलं. पुढे ती नंदाकडे कधीही गेली तरी हे असंच. चप्पल काढायची, आत जायची, कोपरा दाबायची. मुक्ता बोलायला लागल्यावर तीही निजताना कोपरा दाबायला लागली.

आता संशय घ्यायची पाळी आमच्यावर आली. मुक्ताच्या वाढदिवसाच्या सुमाराला अक्का दरवर्षी गोधडी घरी घेऊन जायची. "ऊन दाखवते," म्हणायची. दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायची. एकदा नंदा माझ्याकडे आली ती घाबरीघुबरी होऊन. "मावशी, त्या कोपऱ्याचा दोरा बदलतो गं. आधी पांढरा होता, मग तांबडा झाला, आता हिरवा आहे. आई आत काहीतरी घालते. कुणा बाबाबिबाच्या नादी तर लागली नाही ना?" मलाही खटकलं. कारण अक्काला एव्हाना साधं हुकही लावता येत नव्हतं. मग हे शिवतं कोण? मी आडून आडून विचारलं तर म्हणाली, "उसवू नका हं कुणी. मुंग्या लागतील." आणि विषय बदलला. अक्का आमच्यापासून काही लपवते, हे मला फार लागलं. मी दोन-तीनदा तिच्या मागावर राहायचंही ठरवलं होतं, पण तिला चुकवून तिचा माग काढणं कुणाला जमणार?

ती गेली मुक्ताच्या वाढदिवसाच्या थोडं आधी. दिवस-कार्य उरकल्यावर नंदा गोधडी घेऊन माझ्याकडे आली. "तूच उसव," म्हणाली, "मला धीर होत नाही." मी चष्मा लावून कोपरा उजेडात धरला. कापडाला पुन्हा पुन्हा उसवल्याची भोकं पडली होती आणि वरचा टाका जाड दोऱ्याचा, घट्ट, मशीनचा होता. घरच्या मशीनचा नव्हे. स्कूटरच्या सीटला घालतात तसला. मी नंदाला म्हटलं, उसवायचं नंतर बघू. गोधडी पिशवीत घातली आणि उरण नाक्याकडे निघाले.

हिरानं मला ओळखलं नाही, गोधडी ओळखली. "यंदा उशीर केला," ती म्हणाली. "बाय कुटं हाय तुमची?" मी सांगितलं. तिनं मोटर बंद केली. बराच वेळ ती गोधडीवरून हात फिरवत राहिली. मग आपणच बोलायला लागली. पहिल्याच वर्षी अक्का तावातावानं आली होती, कोपरा सपाट लागतो, घास काढून घेतला म्हणून. हिरानं तिच्यासमोर टाका उसवला. आत घासाचा भुगा झालेला होता. तो बघून अक्का तिथं स्टुलावरच रडली म्हणे. मग पिशवीतून नवा तुकडा काढला. तेव्हापासून दरवर्षी यायची. मशीनवर जो दोरा असेल त्यानं हिरा कोपरा बंद करायची.

"घरी का सांगितलं नाही तिनं?" मी विचारलं.

"बोलायची, पोरी हसतील. आन् बोलायची, भुगा झालेला पोरीला कलला तर तिच्या जिवाला घोर लागंल." हिरानं पदरानं डोळे पुसले. "इतकी वर्सं आली, पन एकदाबी इस्वास ठेवला नाय माज्यावर. सुई उचलली का मान पुडं. मीपन नाय ठेवला. दर टायमाला मूठ उगडून बगितली. पन दुसरीकडं नाय गेली कदी."

आम्ही सगळ्या तिच्या सख्ख्या. तिला हसलो, तिला जपलं, तिच्यावर संशयही घेतला. आणि तिची ती भीती सांभाळली दुकानातल्या या परक्या बाईनं, संशय घेत घेत... मी हिराला म्हटलं, "यंदाचा घास राहिलाय. तुमच्या डब्यातली भाकरी असेल तर द्या." तिनं झटकन मान हलवली. "ना बाबा. घरचा आना. मागाहून काय झाला तं माज्यावर येल."

दुसऱ्या दिवशी नंदाकडून घडीची पोळी करून घेतली, तूप-गूळ लावून घेतला आणि नंदा-मुक्ताला बरोबर घेऊन गेले. हिरानं मूठ उघडायला लावली, तुकडा निरखला, वास घेतला. हिरवा टाका उसवून भुगा मुक्ताच्या ओंजळीत दिला. मुक्तानं नवा घास आत घातला. हिरानं पायानं ते स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले. मोटर सुरू झाली आणि मी पुढे वाकून सुईकडे बघत राहिले, कापड कुठे दुमडतंय का, घास बाजूला सरकतोय का, ती दोऱ्याला नीट गाठ मारतेय का...

"भैन शोभता खरी," हिरा मान वर न करता म्हणाली.

निघताना मी कोपरा दाबून बघितला. रिक्षात बसल्यावर पुन्हा एकदा बघितला.