डॉक्टरांना विचारायचं होतं ते

पेसमेकर बसवला तेव्हा मी नुकती तिशी ओलांडली होती. हडपसरला कंपनीच्या बसमधून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शुद्धीवर आले ती हॉस्पिटलमध्ये. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, असं कळलं. मग डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं एक चपटं यंत्र आलं. ते दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं होतं.

पहिल्या दोन-तीन तपासण्यांना मी तोंडच उघडलं नव्हतं. डॉक्टर विचारत, "काही शंका?" मी म्हणे, "नाही." बाहेर आलं की शंकाच शंका. त्यातच मागच्या खेपेला तपासणाऱ्या माणसाने स्क्रीनकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, दुसऱ्याला बोलावून काहीतरी कुजबुजला आणि मला म्हणाला, "ठीक आहे, जा." त्या आठ्या मी सहा महिने उराशी बाळगून होते. बॅटरी संपत आली असेल का? यंत्रापासून हृदयात गेलेली तार सरकली असेल का?

माझं कामही असं, की दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा मला पगार मिळत असे, आणि तोच विचार घरी आल्यावरही थांबत नसे. ऑफिसच्या इंटरनेटवर जेवणाच्या सुट्टीत पेसमेकरबद्दल वाचायला बसायची आणि डबा तसाच परत आणायची.

त्या वेळी शंकांना कारणंही होती. डाव्या कुशीवर झोपलं की छातीत फडफड व्हायची. कंपनीने मला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं होतं. आणि तिसरी गोष्ट अशी, की आमच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात मूल नव्हतं. आधी नोकरी स्थिर होऊ दे म्हणून थांबलो होतो, आणि मग हे यंत्र मध्ये आलं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. सासूबाई तर अजिबातच नाही. त्यांचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड वाटे.

तपासणीच्या आधीच्या रविवारी दुपारी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. शेजारी मी कागद घेऊन बसले आणि लिहीत सुटले. मोबाइल कुठल्या कानाला लावायचा, विमानतळावरच्या मेटल डिटेक्टरच्या दारातून जायचं का, मिक्सर चालतो का, ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये जावं का, जिना भरभर चढावा का... कागद उलटून मागची बाजूही भरत आली.

सासूबाईंनी हात पुढे केला. "बघू." त्यांचं आयुष्य पोस्टाच्या काउंटरवर गेलेलं. चष्मा वर-खाली करत त्यांनी सगळं वाचलं.

"डॉक्टरांची तोंडी परीक्षा घेणार आहेस का?"

"आई, विसरायला होतं म्हणून..."

"मिक्सर तू दोन वर्षं लावतेयस. काही झालं?"

"नाही."

"मग तो खोड. पाच मिनिटं देतात ते. मिक्सरमध्येच संपतील." मटाराचं साल बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "आणि जे विचारायचंय ते यात लिहिलेलंच नाहीये."

माझ्या छातीत धडधड सुरू झाली. ती माझी की यंत्राची, हे मला तेव्हाही कळत नसे.

"हे बघ," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला नातवंडाची हौस आहे. नाही कशाला म्हणू? पण तुझ्या जिवापेक्षा जास्त नाही. विचारायचं तर तुम्हा दोघांसाठी विचार. माझ्यासाठी म्हणून विचारणार असशील, तर विचारू नकोस."

मला एकदम रडू आलं. त्यांनी मटाराची परात माझ्याकडे सरकवली. "सोल. हाताला काम असलं की बरं असतं."

नवऱ्याला त्या दिवशी बँकेतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून सासूबाईच सोबत आल्या. सदाशिव पेठेतल्या घरापासून हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ, पण मला ते अंतर संपतच नाही असं वाटलं. बाकावर सगळे म्हातारे. शेजारच्या आजोबांनी सासूबाईंना आपुलकीने विचारलं, "तुम्हाला बसवून किती वर्षं झाली?"

"मला नाही, हिला," सासूबाई म्हणाल्या. "माझं अजून विनामदत चालतं."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने वर्तमानपत्र उघडलं. ती त्यांची नजर माझ्या मनाला फार लागली.

आत तपासणाऱ्याने छातीवर यंत्राशी जोडून घेणारी चकती ठेवली. "आता वेग वाढवतोय हं." मी निजलेली, आणि हृदय जिना चढायला लागलं. मग म्हणाला, "आता जरा कमी वाटेल." पायाखालची पायरी चुकावी तसं आत काहीतरी खचलं. मी कॉटची कड घट्ट धरली. काही क्षणांत सगळं पूर्ववत झालं.

डॉक्टरांच्या खोलीत सासूबाई माझ्यासोबत आल्या, बसल्या, आणि लगेच उठल्या. "मी बाहेर आहे," म्हणून दार लावून गेल्या.

"सगळं छान आहे," डॉक्टर कागद मिटत म्हणाले. "सहा महिन्यांनी या." आणि ते उठायलाही लागले. मी बॅटरीपासून सुरुवात करायची असं पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "डॉक्टर, मला मूल होऊ शकेल का?"

ते परत खाली बसले. "इतके दिवस का नाही विचारलंत?"

मी खुर्ची पुढे ओढली. उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "होऊ शकतं. पेसमेकर असलेल्या बायका बाळंत होतात. पण ठरवण्याआधी हृदयाची सोनोग्राफी करू. बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात, आणि मधे मधे मला दाखवायचं. दोघं मिळून या."

मग फडफडीचं विचारलं. काही जादा ठोके यंत्रात नोंदलेले होते, पण घाबरण्यासारखे नव्हते. "चक्कर आली तर मात्र त्याच दिवशी या, तारीख बघत बसू नका." बॅटरी बरीच वर्षं पुरेल म्हणाले. मागच्या खेपेच्या आठ्यांबद्दल विचारलं तर त्यांना काहीच सांगता येईना. ते कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

जर्मनीचं विचारायचं राहूनच गेलं. रस्त्यावर आल्यावर आठवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चल परत. फार तर रागावतील." रागावले नाहीत. दारातच उभ्या उभ्या सांगितलं, विमानतळावर पेसमेकरचं कार्ड दाखवा, तपासणीच्या दारात रेंगाळू नका, खुशाल जा.

जाऊन आले. त्यानंतर मुलगी झाली, फारसा त्रास न होता. पण त्या नऊ महिन्यांत मी एकही रात्र शांत झोपले नाही, आणि सासूबाईही झोपल्या नाहीत, हे मला त्यांच्या खोलीतल्या दिव्यावरून कळे. पहाटे मी पाणी प्यायला उठले की आतून आवाज येई, "बरं आहे ना?"

"आहे," मी म्हणे. मग दिवा बंद होई.