उकळलेलं ताक

गेल्या वर्षी तुमच्या आजोबांच्या पोटातली एक अख्खी वस्ती उठली. ती उठवण्यात माझा काहीही हात नव्हता. ती पुन्हा वसू नये यासाठी मात्र मी, अगदी नकळत, जिवापाड मेहनत घेतली.

रेवा, ईशान, तुम्हाला फोनवर एवढंच सांगितलं होतं की आजोबांचं पोट जरा बिघडलंय. झालं होतं असं की, मोशीच्या एका लग्नात त्यांनी काहीतरी बाधेल असं घेतलं (ते म्हणतात पाणी, मी म्हणते तिसरी वाटी रबडी) आणि ताप, जुलाब, सगळंच एकदम सुरू झालं. जंतू मारायच्या जबरदस्त गोळ्या मिळाल्या. जंतू मेले, ताप उतरला, पण पोट काही ताळ्यावर येईना. काहीही खाल्लं की गुडगुड, आणि गुडगुड झाली की धावपळ! बँकेत जायचं तरी आधी चौकशी, "तिथे सोय आहे ना?"

आणि इकडे रेवाचा पदवीदान समारंभ जवळ येत होता. एक दिवस पाहते तर आजोबा प्रवासाची बॅग पुन्हा माळ्यावर चढवतायत.

"तू एकटीच जा," ते म्हणाले. "मला एवढा वेळ विमानात बसवायचं नाही."

"मग उभ्यानं या," मी म्हणाले. (विनोद केला खरा, पण स्वयंपाकघरात जाऊन पदरानं नाक पुसलं. नातीच्या पदवीची वाट तिच्यापेक्षा जास्त त्यांनी पाहिली होती.)

मग मी त्यांना पिंपळे गुरवमधल्याच आपल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयानं लहान, पण समजावून सांगण्याची हातोटी मोठी. त्या म्हणाल्या, "आजी, आपल्या आतड्यात चांगल्या जीवाणूंच्या शेकडो जाती नांदत असतात. गोळ्यांनी वाईटांबरोबर यांच्यातलेही बरेच गेलेत. आता आजोबांना हळूहळू वेगवेगळं खाऊ घाला. एका जातीला ज्वारीचा कोंडा लागतो, दुसरीला डाळी, तिसरीला पालेभाजी. रोज तेच ते वाढलं तर एकाच जातीचं फावतं. आणि हो, घरचं ताजं दही-ताक द्या. फक्त स्वच्छता सांभाळा."

आता मला सांगा, स्वच्छतेच्या बाबतीत मला कुणी सांगायची गरज आहे? आमच्या इंग्रजी शाळेत हायजीन हा स्वतंत्र विषय होता आणि मला त्यात बक्षीस होतं! बाहेरच्या जंतूंनी आमच्या माणसाला एकदा पाडलं होतं. आता एकही जंतू उंबरा ओलांडणार नाही, मग तो कितीही सभ्य घरातला असो!

कामाला लागले. दही लावलं. सुरेख लागलं. त्याचं ताक केलं, आणि खबरदारी म्हणून ते खळखळून उकळलं. कोशिंबीर कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या. लिंबाच्या लोणच्याच्या फोडी गरम पाण्यातून दोनदा काढल्या (फोडी इतक्या गोऱ्या झाल्या की आजोबांनी विचारलं, "हे साबणाचे तुकडे ताटात का वाढलेस?"). डॉक्टरीणबाईंनी चांगल्या जीवाणूंची पुडी दिली होती, ती मी वाफाळत्या दुधात ढवळून दिली. म्हटलं, बिचारे बाहेरून आलेत, आधी स्वच्छ अंघोळ तरी होईल.

"अगं, ह्या ताकाला चव कसली येतेय?" आजोबा म्हणाले.

"आरोग्याची," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून पेला रिकामा केला आणि म्हणाले, "मी जरा बागेत फिरून येतो."

पहिले काही दिवस फरक नव्हता. मग हळूहळू गुडगुड कमी झाली. चेहऱ्यावर तुकतुकी आली. घरी ते दोनच घास खायचे, तरी वजन वाढायला लागलं! मी मनात म्हटलं, याला म्हणतात शुद्ध अन्नाचं सत्त्व. फक्त एकच गोष्ट जरा खटकायची. बागेतून आले की त्यांच्या बोटांना हळद असायची.

"रेलिंगला नवा रंग दिलाय," ते म्हणायचे.

"मग मिशीला लसणाचा वास कसा?"

"रेलिंगवर कुणीतरी चटणी सांडली असेल." (पन्नासेक वर्षं संसार केलेल्या बाईला ही उत्तरं पटली, यावरून मी स्वतःच्या यशात किती बुडाले होते ते समजा!)

शेवटी एक दिवस त्यांनी स्वतःहून माळ्यावरची बॅग खाली काढली. मी विजयी मुद्रेनं त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. दवाखाना छोटा. तपासायची खोली आणि बाहेरची बाकं यांच्यात नुसता पडदा. बाहेर समोरच्या घरातल्या शेवंताबाई गुडघा दाखवायला बसल्या होत्या. (आपली बिल्डिंग ज्या जागेवर उभी आहे, तिथे पूर्वी यांचं वांग्याचं शेत होतं.)

मी माझी सगळी पद्धत ऐटीत सांगितली. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता लिहायच्या थांबल्या.

"आजी, ताक उकळलंत?"

"रोज. न चुकता."

"आणि पुडी उकळत्या दुधात?"

"अगदी वाफा येत असताना!"

"अहो, मग त्यात जिवंत काय उरलं?"

"म्हणजे काय? काही उरायला नकोच होतं ना!"

त्यांनी कपाळाला हात लावला. "आजी, आपल्याला पाहुणे बोलवायचे होते. तुम्ही त्यांना दारातच भाजून काढलंत!" मग आजोबांकडे वळून म्हणाल्या, "पण आजोबा तर छान सुधारलेत. तुम्ही आणखी काय खात होतात?"

आजोबा पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

तेवढ्यात पडद्याबाहेरून खणखणीत आवाज आला. "अवो डाक्टरीणबाई, त्यान्ला काय इचारता? मला इचारा की! रोज आमच्या वट्ट्यावर जेवत्यात त्ये!"

पडदा बाजूला झाला आणि शेवंताबाई गुडघ्यासकट आत आल्या. "एक दिस फाटकाशी त्वांड पाडून बसलं हुतं. मी म्हनलं, भाऊ, काय हुतंया? तर म्हनले, भूक लागलीया पर घरी जायचं भ्या वाटतं! मंग दिलं प्यायला पातळ माडगं करून, हुलग्याच्या पिठाचं."

"आणि मग?" डॉक्टरीणबाईंना आता गुडघ्यात रस उरला नव्हता.

"मंग काय! बाजरीची भाकर, अंबाडीची भाजी, मडक्यातलं ताक. बेस्तरवारी आमचा उपास असतोय, तवा ती ह्यांच्याच तळमजल्यावरची लातूरची मीनाक्षी वाढती. तिचं धपाटं न् दही. तिचा नवरा चाकणला सेकंड शिफ्टला गेला की ह्ये तिथं हजर!"

मी आजोबांकडे पाहिलं. "अहो, सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं?"

"बिल्डिंगला नाही," ते पुटपुटले. "गल्लीला."

डॉक्टरीणबाई हसून हसून लाल झाल्या होत्या. मग म्हणाल्या, "ताकानं, भाकरीनं की नुसते दिवस गेल्यानं गुण आला, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मी जे जे खायला सांगितलं होतं, ते सगळं यांना मिळालंय. फक्त तुमच्या घरी नाही."

पोरांनो, त्या क्षणी मला राग यायला हवा होता. आला नाही. मनात एकच आलं: माणूस येणार! रेवाच्या समारंभाला माझ्याबरोबर माझा माणूस येणार!

संध्याकाळी नारळ आणि खण घेऊन शेवंताबाईंच्या ओट्यावर गेले. मीनाक्षीलाही बोलावून घेतलं. आभाराची चार वाक्यं नीट जुळवली होती. पहिलंच वाक्य अर्ध्यावर सोडून नारळ आणि खण त्यांच्या ओटीत घातले.

"आता गं बया!" शेवंताबाई म्हणाल्या. "शेजारधर्माला आबार मानत्यात व्हय?"

मीनाक्षी म्हणाली, "काकू, तुम्ही रागवता की काय म्हणून आम्हीच भिऊ लागलो होतो की वो! काकांना घास गोड लागलेला बघून आम्हालाच बरं वाटायलं."

शेवंताबाईंनी मडक्यात कोपरापर्यंत हात घालून ताक ढवळलं आणि पेला माझ्यापुढे धरला. मी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडे. आणि घटाघट प्यायले. काय सांगू, त्या ताकाला चव होती!

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आपण सगळे समारंभाला होतो आणि आजोबांनी टाळ्या वाजवून हात लाल केले. पण विमानतळावर तुम्ही विचारलं होतंत ना, "आजी, तू अशी पांढरीफटक का दिसतेस?" तेव्हा मी 'प्रवासाचा शीण' असं सांगितलं. आता खरं सांगते. विमानात आजोबांनी समोर येईल ते खाल्लं आणि मस्त घोरत पडले. मी मात्र खात्रीचं म्हणून फक्त सीलबंद डब्यातलं, निर्जंतुक असं छापलेलं तेवढंच खाल्लं, आणि निम्मा प्रवास त्या चिमुकल्या खोलीच्या रांगेत उभ्यानं केला.

एकदा परत जागेवर येत होते, तेव्हा आजोबा शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "काही नाही हो. आमच्या हिचं पोट जरा जास्तच स्वच्छ आहे!"