धुळा लवटेची दोन वर्षं

धुळा लवटेचं वय मी ठरवलं. साल एकोणीसशे बहात्तर, जून महिना, आटपाडीकडची एक वाडी. मी एकवीस वर्षांचा होतो आणि शाळेत एकटाच शिक्षक. वाडीतली बहुतेक घरं मेंढपाळांची. पोरांच्या जन्माची नोंद कुणी करत नसे. नाव घालायला आलेल्या पोराला आम्ही उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचो. बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पूर्ण समजायची आणि जन्मतारीख लिहायची एक जून. त्या वर्षी पटावर अकरा नवी पोरं आली. अकराही एक जूनची.

धुळाला त्याची आई रंगुबाई कडेवर घेऊन आली. तेवढ्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. पण त्याने हात डोक्यावरून नेला आणि नुसता टेकवला नाही, अख्खा कान मुठीत धरला.

“आवं गुरुजी, भूकंप झाला तवा पोटात हुता ह्यो,” रंगुबाई म्हणाली.

कोयनेचा भूकंप सदुसष्टच्या डिसेंबरातला. बोटांवर मोजलं असतं तरी पोर चार वर्षांचं निघालं असतं. पण पट वाढवा म्हणून वरून तगादा होता, आणि हात तर पुरत होता. मी १ जून १९६६ लिहिलं.

धुळाचे हात वयाच्या मानाने लांब होते, एवढंच. पुढे तो सांगलीच्या वसतिगृहात राहून शिकला. तिथल्या ड्रिलमास्तरांनी ते हात पाहिले आणि त्याला फुटबॉलच्या गोलात उभं केलं. वर्गातल्या मुलांहून तो दोन वर्षांनी लहान होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गणितात मागे पडला की मास्तर त्याला मंद म्हणत. चेंडू मात्र त्याच्या हातून सुटत नसे. मिरजेच्या सामन्यांना मी एकदा गेलो होतो. पुढच्या खेळाडूंना तो मेंढ्यांना घालतात तशी शीळ घालून डावी-उजवीकडे सरकवायचा. लोक हसायचे, पण ते सरकायचे.

पंच्याऐंशी साली राज्याच्या ज्युनिअर संघाच्या शिबिरासाठी त्याला पुण्याला बोलावलं. एकोणीस वर्षांखालचा संघ. कागदावर धुळाला एकोणीस पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. दाखला पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवलं.

तो घरी गेला नाही. मी तेव्हा तासगावला बदलून आलो होतो. पिशवी खांद्याला लावून तो थेट माझ्या दारात आला.

“गुरुजी, आई म्हणती मी अडुसष्टचा हाय. तुमी एक चिठ्ठी द्या.”

शाळा सोडल्यावर तारीख बदलत नाही, असं मी त्याला सांगितलं. नियम तसाच होता, खोटं नव्हतं. पण मी भ्यालो होतो. एक तारीख उघडली की बाकीच्या दहाही उघडल्या असत्या. धुळाने चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली आणि गेला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता.

मग मिरजेच्या एका क्लबाकडून तो मोठ्या माणसांत खेळला. आठ-नऊ वर्षांत दोन बोटं मोडली, वाकडी जुळली. पंच्याण्णव साली पाचगणीच्या एका निवासी शाळेत प्रशिक्षक म्हणून लागला. लागताना पगाराचं काही बोलला नाही. मागितलं ते एकच: सकाळी शाळेची मुलं उठायच्या आधी दोन तास मैदान गावातल्या पोरांसाठी मिळावं. स्ट्रॉबेरीच्या शेतावरच्या मजुरांची, घोडेवाल्यांची, शाळेच्या भटारखान्यात काम करणाऱ्यांची पोरं. त्या पोरांतून जिल्ह्याला कितीतरी जण खेळले.

वयाच्या बाबतीत तो फार कडक. स्पर्धा जवळ आली की बाप लोक वय कमी केलेले नवे दाखले आणायचे. धुळा तो कागद परत द्यायचा आणि पोराला संघाबाहेर बसवायचा.

दोन हजार चोवीसच्या एप्रिलमध्ये त्याच्या बायकोचा, साळूबाईचा, मला फोन आला. एकतीस मेला अठ्ठावन्न पूर्ण होऊन धुळा निवृत्त होणार होता. त्याच्यानंतर सकाळचं मैदान बंद, असं नव्या व्यवस्थापनाने ठरवलं होतं. खऱ्या वयाचा पुरावा आणलात तर दोन वर्षं मुदत देता येईल, असं मुख्याध्यापिका स्वतः म्हणाल्या होत्या.

मी तीन पानं लिहिली. तारीख मी लिहिली, चुकीची आहे हे कळत असून लिहिली, त्याची आई काय म्हणाली तेही लिहिलं. सही केली आणि साताऱ्याला, मग वाईला गाडी बदलून पाचगणीला, शाळेच्या आवारातल्या त्याच्या खोलीवर पोचलो.

धुळा कागद हातात घेऊन नुसता बसला.

“वाचा की,” साळूबाई म्हणाली. “गुरुजी ह्या वयात घाट चढून आल्यात.”

“घाट यष्टी चढली,” धुळा म्हणाला. पण त्याने वाचलं, तिन्ही पानं. “अक्षर अजून तसंच हाय, गुरुजी.” मग घडी घालून कागद माझ्यासमोर ठेवला. “ह्यो मी न्हाई देणार.”

“का? खोटं हाय का त्यात?” साळूबाईने विचारलं.

“खरं हाय. सिद्धूचा बी खरा हुता.”

सिद्धू म्हणजे सुलाबाईचा मुलगा. ती भटारखान्यात भांडी घासते. बारा वर्षांपूर्वी सिद्धू धुळाचा गोलकीपर होता. साताऱ्याच्या स्पर्धेच्या तोंडावर त्याचा बाप दुरुस्त केलेला दाखला घेऊन आला, शाळेत दोन वर्षं जास्त लागली म्हणाला.

“मी म्हटलं, सगळ्यांच्याच शाळंत चुकतं, व्हय?” धुळा सांगत होता. “आन पोराला काढलं. परत मैदानावर आला न्हाई त्यो. गेल्या वर्षी सुलाबाईनं वाईच्या दवाखान्याचा कागद दावला, जन्माचा. बरोबर हुता. मी म्हटलं, बाई, तवा का न्हाई दावला? तर म्हणली, तुमी मागितला कुठं, सर? तुमी हसलासा.”

बाहेर मुलं जेवणाच्या रांगेत गोंधळ घालत होती. धुळाचं तिकडे लक्ष नव्हतं.

“तासगावला बेदाण्याच्या शेडवर असतो आता त्यो. ट्रॅक्टर चालवतो. मी गेलतो भेटायला. सोडा सर, लय दिवस झालं, म्हणला. चांगलं बोलला. पर बोलत हुतो तवर ट्रॅक्टर बंद केला न्हाई त्यानं.” त्याने माझ्यासमोरच्या घडीवर बोट ठेवलं. “त्याचा कागद मी परत दिला. आन आता तसलाच कागद घिऊन मी माझी दोन वर्सं मागू?”

“आन सकाळच्या पोरांनी काय केलंय?” साळूबाई म्हणाली. “त्यास्नी कशाची शिक्षा?”

धुळाने घडी उचलून माझ्या हातात दिली. एकोणचाळीस वर्षांपूर्वी दिली असती तर ती चिठ्ठी कामाची होती, हे मी म्हणालो नाही. त्यालाही ते माहीत होतं. त्याने मला गाडीपर्यंत सोडलं, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि वाकून पाया पडला. ते मला जड गेलं.

एकतीस मेला शाल-श्रीफळ झालं. शाळेची खोली सोडून धुळा-साळूबाईंनी बाजारापलीकडे खोली घेतली. शाळा उघडल्यावर पोरं सवयीने सकाळी फाटकाशी आली. वॉचमनला आत सोडायची परवानगी नव्हती. धुळा त्यांना रस्त्याखालच्या उतारावर घेऊन गेला. तिथे सपाट जागा नाही. चेंडू खाली गेला की आणायलाच पाव तास लागायचा. पावसात पंधरा-सोळा जण यायचे. दिवाळीनंतर चौघं राहिली.

परवा मी फोन केला. “किती येतात रे आता?” असं विचारलं.

“कोण न्हाई, गुरुजी,” धुळा म्हणाला. “मी जातो पर.”