उमाजी धनगराचा पुकारा

उमाजी धनगराचा आवाज गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, या काठावरून त्या काठाला जायचा. मेंढरं राखणाऱ्याला तसा आवाज कमवावाच लागतो. पालमपासून दोन कोसांवरच्या वाडीत त्याचं घर होतं. घरात बायको म्हाळसाबाई, दारात मेंढरं, आणि गावाच्या कुठल्याही भानगडीत न पडणारा स्वभाव. तरीही त्या मुलखात त्याला ओळखत नाही असा माणूस सापडत नव्हता, त्याला कारण कुस्ती.

ऐन विशीत तो खंडोबाच्या जत्रेत लंगोट लावून फडात उतरला होता. हलगीवाल्याची दुसरी थाप पडायच्या आत तो चितपट झाला. कसा काय रे हरलास, असं कुणीतरी खिजवायला विचारलं. उमाजी तसाच मातीत बसून म्हणाला, “दोघंबी हुबे राह्यले तर कुस्ती संपायची कवा? कुनीतरी आडवं व्हावं लागतंय. मी झालो.”

फडाचा सगळा कारभार किशनराव पाटलांकडे असे. ते एवढे हसले की डोळ्याला उपरणं लावावं लागलं. तुझ्या मनगटात काही नाही, पण जिभेत आहे, असं म्हणून त्यांनी त्याला तिथंच पुकाऱ्याचं काम दिलं. कुस्ती लागायच्या आधी चारी दिशांना वळून पैलवानाचं नाव, गाव आणि वस्तादाचं नाव पुकारायचं, कुस्ती झाली की पंचांचा निकाल पुकारायचा, एवढंच ते काम. पण दोन पुकाऱ्यांच्या मधे वेळ असतो, आणि त्या वेळात उमाजीला गप्प बसवत नसे.

एकदा एक थोराड पैलवान नुसता पाय रोवून उभा राहिला. पुढं येईना, मागं सरेना. उमाजी म्हणाला, “पैलवान, शेंदूर मागवू का? म्हसोबाच झालाय तुमचा.” दुसऱ्या एका जत्रेत दोघांनी डोक्याला डोकं लावलं ते अर्धा तास सुटेनात, तेव्हा त्यानं पंचांना हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “हे कुस्ती खेळायलेत का सोयरीक जमवायलेत?” पाण्यानं माती निसरडी झाली म्हणून मी पडलो, अशी एकानं तक्रार केली. त्याला उत्तर मिळालं, “माती दोघायलाबी एकच व्हती बाबा.” सोनपेठच्या बाजारात, पूर्णेच्या स्टेशनावरच्या हमालांत ही वाक्यं फिरायची. सोयरीक लांबली, की लोक पोरीच्या बापाला म्हसोबा म्हणायचे.

त्याचा एक नेम मात्र होता. पैलवान मातीत आहे तोवर तो तोंड उघडत नसे. पडलेला उठला, त्याच्या खांद्यावर हात पडला, की मग काय बोलायचं ते बोलायचा. पडलेल्याला हसायला अक्कल लागत नाही, असं तो म्हाळसाबाईला सांगायचा. ती म्हणायची, हुब्या राह्यलेल्याला हसायला तरी किती लागती?

इमाम पिंजाऱ्याची पहिली कुस्ती उमाजीनंच पुकारली होती. शेजारच्या गावच्या विधवा पिंजारणीचा हा एकुलता एक. त्या दिवशी तो हरला आणि माणसांकडे पाठ करून उभा राहिला. उमाजीनं आपलं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं आणि काहीच बोलला नाही. तेव्हापासून इमाम त्याला मामा म्हणू लागला. पुढं त्याचं अंग भरलं, नाव झालं, आणि पोटासाठी तो निजामाच्या पोलिसात शिरला.

मग फसली सन तेराशे सत्तावनचं, म्हणजे इंग्रजी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचं साल आलं. गावंच्या गावं जीव मुठीत धरून होती. तरणी पोरं हद्द ओलांडून वऱ्हाडात निघून गेली होती. मागं राहिलेले दिवस मावळायच्या आत दाराला अडसर घालत. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या रस्त्यानं फिरत. वाडीतल्या आश्रुबाचं घर अशाच एका टोळीनं पेटवलं होतं, आणि त्यात त्याचा धाकटा भाऊ गेला होता. चौकीवर नवा अमीन, म्हणजे फौजदार, आला होता. त्यानं महिन्यापूर्वी दोन माणसं चौकशीला नेली होती, ती अजून घरी परतली नव्हती.

अशा दिवसांत जत्रा कोण भरवणार? पण अमीनसाहेबांनीच किशनरावांना बोलावून परवानगी दिली. जत्रा होऊ द्या, फडही होऊ द्या, शेवटची कुस्ती मात्र आमचा जवान इमाम खेळेल, आणि ती बघायला मी स्वतः येईन. बाकीचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. किशनरावांना ते कळलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई नवऱ्याला म्हणाली, “आज तोंडाला मुसकं बांधून जावा.” उमाजीनं मान डोलावली. देवळामागं किशनराव त्याची वाटच बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

“उमाजी, इमाम जितला तर जितला म्हन. न्हाई जितला तर बरोबरीत सुटली म्हन. तिसरं काई तुझ्या तोंडातून निघालं, तर गावातून धूर निघंल.”

इमामसमोर सोनपेठकडचा दत्तराव होता. शेतकऱ्याचा पोरगा, बोलायला गरीब, पकडीला चिवट. फडाभोवती हजारभर माणूस बसलं होतं, पण जत्रेचा गलका कुठं नव्हता. बांधावर बंदुका घेतलेले शिपाई उभे होते. अमीन खुर्चीवर बसला होता. त्याच्या मागं जमादार होता.

उमाजीनं नावं पुकारली. हलगी वाजली. दोघांनी हात दिला, आणि पहिल्या झटक्यालाच उमाजीच्या ध्यानात आलं की इमाम मनापासून लढतोय. सोडून द्यायचं किंवा दिखावा करायचं त्याच्या मनात नव्हतं. त्यानं दत्तरावला दोनदा गुडघ्यावर आणलं. दोन्ही वेळा दत्तराव खालून निसटला. हलगीवाला घामानं भिजला. लोक श्वास रोखून बघत होते, पण कुणी ओरडत नव्हतं. आपण कुणाच्या बाजूनं ओरडलो हे बांधावरून दिसतं, हे प्रत्येकाला माहीत होतं.

मग दत्तरावनं ढाक लावली. इमाम हवेत फिरला आणि पाठीवर आला. दोन्ही खांदे टेकले. उमाजी पाच हातांवर उभा होता. त्यानं ते स्वच्छ पाहिलं.

पंचानं किशनरावांकडं बघितलं. किशनरावांनी खुर्चीकडं बघितलं. अमीननं दोन बोटं शेजारी शेजारी धरून हलवली.

“पुकार,” किशनराव पुटपुटले. “बरोबरी.”

उमाजी फडाच्या मध्यात गेला. दत्तराव खाली बघत उभा होता. इमाम उठला होता, आणि त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लाल माती चिकटली होती. हजार माणसांना ती दिसत होती. उमाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गप्प राहायचं, एवढंच उमाजीनं ठरवलं होतं. त्यानं चारी दिशांना वळून पुकारलं, “पंचायनं कुस्ती बरोबरीत सोडवली हाय.”

कुणी टाळी वाजवली नाही. त्या शांततेत त्याच्या तोंडून पुढचं निघून गेलं, आणि निघताना त्याला स्वतःलाही थांबवता आलं नाही.

“पैलवान, पाठ तेवढी झटकून घ्या. तिला अजून निकाल कळलेला न्हाई.”

आधी एक म्हातारा हसला. मग त्याच्या शेजारचा. मग हसण्याची अशी लाट उठली की बांधावरच्या शिपायांनी बंदुका खांद्यावरून खाली घेतल्या. कितीतरी महिन्यांत ती माणसं एवढी हसली नव्हती. इमामच्या ओठाचा कोपराही हलला. अमीननं जमादाराला विचारलं, हा काय म्हणाला? जमादारानं सौम्य करून सांगायचा प्रयत्न केला, पण त्या वाक्यात सौम्य करण्यासारखं काही नव्हतं.

उमाजीच्याच पटक्यानं त्याचे हात बांधले आणि त्याला चौकीवर नेलं. त्या दिवशी त्याला कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात अंगणात बसवून ठेवलं. म्हाळसाबाई भाकरी बांधून चालत आली होती. फाटकाबाहेर लिंबाखाली ती बसली, आणि तिला कुणी आत सोडलं नाही. बसल्या जागेवरून उमाजीला तिचा पदर दिसत होता. जी दोन माणसं परत आली नव्हती, तीही इथंच बसली असतील का, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

दुपारी त्याला आत नेलं. अमीन शांत होता, आणि त्याचीच उमाजीला जास्त भीती वाटली.

“फिर से बोल,” अमीन म्हणाला. “मुझे भी हँसना है.”

वीस वर्षं ज्या तोंडानं पैलवानांना घाम फोडला, त्या तोंडातून एक अक्षर निघेना. अमीननं वाट बघितली. मग त्यानं हुकूम सांगितला. येत्या बाजाराच्या दिवशी उमाजीनं भर बाजारात उभं राहून पुकारायचं, की इमाम जिंकला आणि दत्तरावची पाठ लागली. नाही पुकारलं तर आपलं काय होईल, हे उमाजीनं आपल्या मनाशीच समजून घ्यावं.

उमाजीनं विचार केला. शब्दच तर आहेत. खरं काय ते हजार माणसांनी पाहिलंय. आपण खोटं बोललो तर बाहेर बसलेल्या बाईला नवरा परत मिळेल. त्यानं हो म्हणायला तोंड उघडलंही.

तेवढ्यात दाराशी पहाऱ्यावर उभ्या असलेल्या इमामनं टाचा जुळवून सलाम ठोकला.

“साब, पीठ मेरी लगी थी,” तो म्हणाला. “मट्टी बी मैंइच धोया.”

जमादारानं झटकन भिंतीकडं तोंड केलं, आणि त्याचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले. अमीनलाही दिसले. प्रकरण कागदावर घ्यायचं म्हटलं तर ते वाक्य कागदावर घ्यावं लागणार होतं, आणि त्याच्याखाली आपल्याच जवानाचा जबाब. वरच्या कचेरीत ते वाचून कोण कोण भिंतीकडं तोंड करील, याचा अंदाज त्याला आला असावा. त्यानं इमामचा पट्टा तिथल्या तिथं उतरवून घेऊन त्याला नोकरीवरून काढलं. उमाजीला पाठीवर दहा छड्या मारून फाटकाबाहेर ढकललं. पुन्हा कुठल्याही फडात तोंड उघडलंस तर जीभ राहणार नाही, अशी ताकीद दिली.

म्हाळसाबाईनं त्याला आधार देऊन उठवलं. वाटेत तो म्हणाला, “आता माज्या पाठीलाबी कळला निकाल.” मग तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि चार दिवसांत निजामाचं राज्य संपलं. अमीन कुठं गेला ते कुणी पाहिलं नाही. ज्यांच्याकडे बंदुका होत्या ते आधीच निघून गेले होते. उरल्या त्या पिंजाऱ्यांसारख्या गरीब मुसलमानांच्या झोपड्या. आता त्यांच्या दारांना अडसर लागले.

पाचव्या दिवशी दुपारी उमाजी ओढ्याकाठी होता. तीस-चाळीस माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन शेजारच्या गावाकडं चाललेली त्याला दिसली. पुढं आश्रुबा होता. कुठं जाताय, हे विचारायची गरज नव्हती. उमाजीनं मेंढरं तिथंच सोडली, आडवाटेनं धावत गेला आणि इमामच्या दारात पाठ लावून उभा राहिला. आतून काहीच आवाज येत नव्हता.

जमाव गल्लीत शिरला. बाजूला हो, असं दोघातिघांनी त्याला सांगितलं. उमाजीनं छाती भरून घेतली आणि फडात पुकारावं तसं पुकारलं. सगळं गाव ऐकेल अशा आवाजात.

“इमाम पैलवान. जातीचा पिंजारी. आमीनाच्या तोंडावर खरं बोलला, म्हनून ह्याचा पट्टा गेला आन माजा जीव वाचला. ज्याला ह्याच्यासंगं कुस्ती धरायची आसल, त्यानं नाव सांगून एकट्यानं पुढं यावं. फडात दोन गडी एकावर जात न्हाईत. तुमी तर चाळीस हाव.”

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि उमाजीच्या चेहऱ्यावरही तसं काही नव्हतं. आश्रुबा एकटा पुढं आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

“माजा भाऊ जळाला, उमाजी.”

“ठावं हाय मला.” उमाजीचा आवाज आता खाली आला होता. “त्याला जाळायला कोन कोन आलं व्हतं, तू डोळ्यानं पाह्यलंस. त्यात हा व्हता का? व्हता म्हन. मी बाजूला होतो.”

आश्रुबा बराच वेळ दाराकडं बघत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, काय बघतोस, चल. पण आश्रुबानं मान हलवली. नव्हता, एवढंच तो म्हणाला, तेही उमाजीलाच ऐकू जाईल असं. मग तो मागं वळला आणि माणसांतून वाट काढत निघाला. तो गेल्यावर बाकीच्यांना उभं राहायला कारण उरलं नाही. कुणी थुंकलं, कुणी उमाजीला शिवी दिली, पण गल्ली हळूहळू मोकळी झाली.

बऱ्याच वेळानं अडसर सरकला. इमामच्या आईनं फटीतून बाहेर बघितलं, मग दार उघडलं. तिच्या मागं इमाम हातात पिंजणाचा दांडा घेऊन उभा होता. म्हातारीनं उमाजीला आत ये म्हणून सांगितलं. तो उंबऱ्यावरच बसला. तिनं त्याचा दंड धरला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण मेंढरं ओढ्याकाठीच सोडून आलोय.