फुवांचं भाषण

इंग्रज अमदानीत सुरतेत होऊन गेलेल्या एका थोर गुजराती लेखकावर आमच्या फुवांचा जेवढा जीव होता, तेवढा त्या लेखकाच्या सख्ख्या नातवंडांचाही नसेल. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. खानदेशातून येऊन सुरतेच्या बमरोली भागात कापडाचे माग चालवायचे. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी मी त्यांच्याकडेच राहत होतो. त्या लेखकाचं मराठी चरित्र त्यांना रद्दीत सापडलेलं. जन्मात वाचलेलं ते एकच पुस्तक, पण इतक्यांदा वाचलेलं की घरात कुणी शिंकलं तरी लेखकाचा दाखला निघे. भाजी अळणी झाली की, "जातवाल्यास्नी वाळीत टाकं, तव्हय त्यानी काय खादं व्हई?" म्हणत ते निमूट जेवत. आत्या वैतागून म्हणे, "मंग जा ना त्याना घर जेवाले!" तर हे सुट्टीच्या दिवशी खरंच लेखकाच्या जुन्या घरापर्यंत जाऊन येत आणि तोंड पाडून सांगत, "बंद व्हतं."

मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, खडखडाट एवढा, की आवाजाचा उपयोगच नाही. कामगार नुसते ओठ हलवून आणि हातवारे करून बोलतात आणि चार माग पलीकडचा माणूस ते बरोबर वाचतो. फुवांनी सगळं लेखकचरित्र या पद्धतीने खात्याला ऐकवलेलं. मुलींना शिकवा म्हटल्याबद्दल लेखकाच्या दारावर दगड पडले, हा प्रसंग ते असा रंगवत की बघणारे स्वतःच्या मागावरचे तुटलेले धागे विसरत आणि मग सगळ्यांना शेठची बोलणी खावी लागत.

फुवांना एकच ध्यास होता, बमरोलीत पुस्तकं यावीत. "आमना पोरेस्नी काय नुसतं कापडच पाहावं का?" शहरातल्या एका वाचनालयात त्यांनी इतके खेटे घातले, की शेवटी तिथले म्हातारे अध्यक्ष म्हणाले, लेखकाच्या जयंतीला पाच मिनिटं बोला, सभासदांना पटलं तर मराठी पुस्तकांचं एक कपाट तुम्हाला देऊ. जयंतीला फुवा इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. मागच्या रांगांत आमचे सगळे मागवाले होते. पुढची शिकलेली मंडळी बघून फुवा असे घाबरले की खात्यात बोलतात तसेच बोलू लागले. ओठ हलताहेत, हात फिरताहेत, डोळ्यांत पाणी, आवाज मात्र शून्य! "मोटेथी बोलो, भाई!" अध्यक्ष ओरडले. फुवांना ती शाबासकी वाटली आणि ते आणखीच रंगात आले. गेलं कपाट, म्हणून मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मागून एक कामगार उठला आणि फुवांचे ओठ वाचून मोठ्याने बोलू लागला. मग दुसरा उठला, तिसरा उठला. "दारवर दगड पडनात, तरी त्यानी लेखणी खाले ठेवी नही!" सगळं सभागृह दणाणलं. अध्यक्षांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि जागेवरूनच कपाट जाहीर केलं.

कपाट हातगाडीवरून आलं तेव्हा बमरोलीत झुंबड उडाली. फुवा सगळ्यांना रांगेत उभं करण्यात गुंतले आणि त्यांची पाळी आली तेव्हा एकही पुस्तक उरलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण फुवा रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवत आत्याला ओरडून सांगत होते, "बठ्ठा पुस्तकं गयात व! एकबी उरनं नही!"

फुवांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रिकामं कपाट बघून एवढा हरखलेला माणूस मला पुन्हा भेटला नाही.