बोट ओढेल अशी गाडी

बाईंच्या घरात साधा झाडू घ्यायचा म्हटला तरी मतदान होई. ही थट्टा वाटत असेल तर त्या घरात चार दिवस राहून बघावं. घरधन्यांनी नोकरी केली एका कचेरीत, पण जीव सगळा वसाहतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपदात. शेजारीपाजारी, बाजारात, इतकंच काय सासरवाडीतही त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणत. दर रविवारी जेवणं उरकली की ते चमच्याने पेल्यावर टकटक करत आणि घसा खाकरून म्हणत, "विषय पहिला." मग चर्चा, मग हात वर, मग ठराव पास. जो टेबलाशी हजर नाही त्याची संमती धरायची, हा नियमही त्यांचाच.

आता रविवारी जेवणानंतर टेबलाशी हजर नसणार कोण? जी चहा टाकायला उठली ती. संसाराची इतकी वर्षं बाईंनी चहा गाळता गाळता संमती दिली होती. सोफ्याच्या रंगाला दिली, लेकीच्या शाळेला दिली आणि एका रविवारी स्वतःची नोकरी सोडायलाही दिली. बाई एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवत. लेक-जावई याच घरात राहत. नातवाला सांभाळायला घरात कुणीतरी हवं, असा विषय निघाला आणि बाई कपबशा घेऊन बाहेर येईपर्यंत कुणीतरी म्हणजे कोण, ते ठरूनही गेलं होतं. त्या दिवशी बाईंनी हूं की चूं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या अजून म्हणतात.

नातू शाळेत जायला लागला आणि बाईंचे हात रिकामे झाले. रंधा आणि पटाशी ज्या हातांना वर्षानुवर्षं माहीत, ते हात मटार सोलून किती दिवस गप्प बसणार? बाईंनी मागच्या अंगणातली पत्र्याची शेड झाडून काढली, लाकूड आणलं आणि बोट बांधायला घेतली. त्यावर ठराव झाला नाही, कारण पहिले काही महिने सेक्रेटरींना ते कपाट वाटलं. पुढे फळ्यांना बाक आला, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं गेलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कपाटाला असलं नाक नसतं. तोवर उशीर झाला होता. बाई रोज दुपारी शेडमध्ये असत, पोरांनी ओढून न्यावं तसं त्यांना तिथे कुणीतरी ओढून नेई, आणि बाहेर येताना त्यांच्या केसांत भुसा असे आणि तोंडावर हसू असे. एकेक फळी वाफवून वाकवली, एकेक सांधा हाताने बसवला. शेवटी बोट तयार झाली, इंजिन बसलं, वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलर करून घेतला. आता खाडीपर्यंत ती ओढून नेणारी गाडी हवी होती. चालवायला घरात सगळ्यांना येई, पण घरात गाडी नव्हती.

बाई गाडीची चौकशी करायला लागल्याच होत्या, तेवढ्यात त्यांचा वाढदिवस आला. साठावा. सकाळी जावईबापूंनी त्यांना डोळे मिटायला लावून दारात नेलं. जावईबापू म्हणजे गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून झालेले तज्ज्ञ.

"आई, उघडा डोळे!"

दारात पांढरीशुभ्र, बुटकी, काचेच्या छपराची गाडी उभी होती. लेक टाळ्या वाजवत होती. सेक्रेटरींच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. "तुझ्याच नावावर घेतली," ते म्हणाले, "ठराव सर्वानुमते. तुझ्या त्या बोटीचीही सोय झाली."

"मला न विचारता?"

"अगं, तू शेडमध्ये होतीस ना. म्हणजे संमतीच."

 बाई गाडीच्या मागे गेल्या, वाढदिवसाच्या साडीत जमिनीवर आडव्या झाल्या आणि खाली डोकावल्या. खाली सगळा पातळ पत्रा. हुक धरून ठेवील असं जाड लोखंड कुठेच नाही.

"शोरूममध्ये ट्रेलरचं बोललात का?"

"सांगितलं ना आम्ही," जावईबापू म्हणाले, "की सासूबाईंची एक छोटीशी होडी आहे. हुक काय, कुणीही लावून देतं."

छोटीशी होडी! दहा माणसांना हलणार नाही अशी ती बोट, आणि हा तिला होडी म्हणतो. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लेकीचा चेहरा इतका खुललेला होता की त्यांनी तो दिवस तसाच जाऊ दिला.

हुक लागला. पुढच्या सुट्टीला ट्रेलर जोडला आणि फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा चढ चढायला जावईबापू गाडीत बसले. गल्लीतले सगळे बघायला जमले. गाडीचं बूड खाली बसलं, नाक वर झालं, आणि पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. जळक्या रबराचा वास सुटला. मग गाडी पुढे जायच्याऐवजी बोटच तिला मागे ओढायला लागली. बाईंनी धावत जाऊन ट्रेलरच्या चाकामागे लाकडी ठोकळा घातला म्हणून निभावलं. हुकाशेजारचा पत्रा तेवढ्यात फाटला होता.

"ही पुढच्या चाकांच्या जोरावर चालते," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मागे वजन पडलं की तीच चाकं हलकी होतात. इथे कोरड्या रस्त्यावर ही गत. खाडीच्या उतारावर शेवाळ असतं. तिथे बोट बाहेर काढताना गाडीसकट सगळं पाण्यात जाईल."

"पण आई, ॲव्हरेज किती देते ते बघा ना," जावईबापू म्हणाले.

रविवारी पेल्यावर टकटक झाली. बाई या वेळी चहाला उठल्या नाहीत. विषय पहिला आणि एकच होता. गाडी आता परत होत नाही, तिला बोट झेपत नाही, सबब बोट एखाद्या चांगल्या माणसाला देऊन टाकावी.

बाईंना आधी वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. "गाडी बोटीसाठी आणली ना? मग गाडीसाठी बोट काढायची?"

"भावनेच्या भरात बोलू नकोस," सेक्रेटरी म्हणाले.

"आई, तुझ्यासाठीच म्हणतोय गं," लेक म्हणाली. "गुडघे बघ तुझे. या वयात कशाला ती खाडी आणि तो चिखल? गाडीतून मस्त फिरायला जाऊ आपण."

तिचा आवाज इतका मऊ होता की त्याचाच बाईंना जास्त संताप आला. आरडाओरडा केला असता तर परत ओरडता आलं असतं. मायेने कुणी गळ्यावर हात ठेवला तर काय करायचं माणसाने? तीन हात वर गेले. बाईंचा एकटा विरोधात. लोकशाहीच ती.

दोन दिवसांनी दुपारी एक माणूस हातात मोजपट्टी घेऊन शेडमध्ये शिरला. तो हॉटेलवाला होता. त्याने बोटीची लांबी मोजली, कडेवर बोटांनी टकटक केली आणि खूश झाला. "झकास! दारात ठेवतो. आत माती भरायची आणि फुलझाडं लावायची. फक्त तळाला चारपाच भोकं पाडावी लागतील, पाणी निचरायला. साहेबांनी हो म्हटलंय."

त्या तळाची एकेक फळी बाईंनी अशी बसवली होती की थेंब आत येऊ नये. त्या फळ्यांपायी बोटं सोलवटली होती, मान आखडली होती. आणि हा त्यातून पाणी निचरवणार!

"ज्या साहेबांनी हो म्हटलंय ना," बाई म्हणाल्या, "त्यांच्या बुडाला पाडा भोकं." आणि हातातला रंधा खाली न ठेवता त्यांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

मग साडी बदलली, गाडीची चावी उचलली आणि ती पांढरीशुभ्र गाडी घेऊन त्या थेट गावाबाहेर जुन्या गाड्यांच्या आवारात गेल्या. तिथला आडदांड गाडीविक्या दात कोरत उभा होता.

"साहेब नाही आले?"

"कशाला? बोट त्यांनी बांधली नाही."

तो जरा सरळ उभा राहिला. त्याने आधी एक उंच, चकाचक गाडी दाखवली. बाईंनी तिच्याभोवती फेरी मारली. उंच होती, रुबाबदार होती, पण आखूड. मागे जड ट्रेलर हेलकावायला लागला तर तो हिला इकडून तिकडे फेकील. नको म्हणाल्या.

"बोटीचं वजन किती?" गाडीविक्याने विचारलं.

बाईंनी अभिमानाने सांगितलं.

"आणि ट्रेलरचं? इंजिनाचं? टाकीतल्या तेलाचं, नांगराचं, दोरांचं?"

 बाईंनी नुसत्या बोटीचंच वजन केलं होतं. चांगल्याच ओशाळल्या. पण ओशाळतानाही त्यांना बरं वाटलं, कारण इतक्या दिवसांत बोटीबद्दल प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस होता. दोघांनी बोटांवर हिशेब केला. वजन जवळजवळ दुप्पट निघालं.

कोपऱ्यात एक जुनी, नारिंगी, पोचे पडलेली गाडी होती. पूर्वी ती विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्यांकडे होती. लांब, जड, चारही चाकांना जोर, खाली मनगटाएवढं लोखंड आणि त्यालाच पक्का बसवलेला हुक. बाईंनी गाडीविक्याचा पाइपांनी भरलेला ट्रेलर तिला जोडायला लावला आणि आवारामागच्या चढावर मधोमध थांबवली. ब्रेक सोडला, हळू गिअरमध्ये क्लच उचलला. गाडी कण्हली, पण तसूभरही मागे न सरकता वर चढली. उतरताना ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असल्याशिवाय नेऊ नका, असं गाडीविक्याने बजावलं आणि ते बाईंनी मुकाट्याने ऐकलं. मग पांढऱ्या गाडीच्या बदल्यात ती घेतली. गाडी त्यांच्याच नावावर होती. 

घरी कल्लोळ. "कुणाला विचारून?" सेक्रेटरी ओरडले. "काय ध्यान आणलंयस हे! लोक काय म्हणतील?"

"लोकांना ट्रेलर ओढायचा नाहीये," बाई म्हणाल्या.

तातडीची सभा भरली. बाई गेल्याच नाहीत, वेल्डिंगवाल्याबरोबर ट्रेलरला ब्रेक बसवत राहिल्या. आत त्यांच्या निषेधाचा ठराव मांडला गेला आणि नियमाप्रमाणे त्यांचीही संमती धरून तो सर्वानुमते पास झाला. लेक बाहेर येऊन सांगताना हसली, आणि हसता हसता रडवेली झाली. "चुकलंच गं आमचं," ती म्हणाली. बाईंनी तिला ग्रीसचा डबा धरायला दिला.

ज्या सकाळी बोट निघाली, त्या सकाळी सेक्रेटरी न विचारताच पुढच्या सीटवर येऊन बसले. बाईंनीही विचारलं नाही. नारिंगी गाडी चढ चढली, गावातून गेली, खाडीच्या उतारावर तोंड फिरवून मागे मागे सरकत सावकाश उतरली. शेवाळावर चाकं जराशी चाचपडली आणि धरून राहिली. ट्रेलर पाण्यात बुडाला, बोट हलकी झाली आणि तरंगली. कुठे कलली नाही. बाईंनी आत उतरून तळावर हात फिरवला. कोरडा खडखडीत.

त्यांना वाटलं होतं, या क्षणी सगळा राग उतरेल. नाही उतरला. तोही बोटीत येऊन बसला.

सेक्रेटरींनी विजार दुमडली होती. गुडघाभर पाण्यात येऊन त्यांनी हात पुढे केला. "चल, मला जरा वर घे."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. म्हातारा दिसत होता नवरा, केविलवाणाही. पण त्या वेळी बाईंना आपली शाळा आठवत होती, आणि हॉटेलवाल्याची भोकं.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "भरती येतेय. गाडी वर घ्या, चाकं बुडतील."

"अगं, पण मग मी यायचं कधी?"

"विचारीन तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी इंजिनाची दोरी ओढली.